रूप कुठे बदलायचं?

प्रश्न: मी आणि माझा मावसभाऊ सुट्टीत कधी मेगामेक खेळतो, कधी जुना 'ट्रान्सफॉर्मर्स: वॉर फॉर सायबरट्रॉन'. मला रूप बदलणारी यंत्रंच आवडतात. पण दोन्हीकडे माझं रडगाणं एकच आहे. पुढे जाऊन मारा करतो, मग रूप बदलून पळायला जातो आणि नेमका तेव्हाच मरतो. भावाचा शंभर टनी ॲटलस तर जागचा फारसा हलतही नाही. 'मारा आणि पळा' नक्की करायचं कसं? (पॉलिटेक्निकचा विद्यार्थी, सांगली)

उत्तर: तुमच्या पत्रातले 'नेमका तेव्हाच' हे शब्द मी दोनदा वाचले. तुमचं उत्तर त्यांच्यातच दडलेलं आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. मेगामेक म्हणजे 'बॅटलटेक' या पटावरच्या खेळाचा कॉम्प्युटरवरचा, फुकट मिळणारा अवतार. बॅटलटेक 1984 साली अमेरिकेत आला, तेव्हा त्याचं नाव 'बॅटलड्रॉइड्स' होतं. पटावर सहा कोनांची घरं असतात, दोन फासे असतात आणि 20 ते 100 टन वजनाचे लढाऊ रोबोट, म्हणजे मेक, असतात. त्यातले काही मोजके मेक विमान होऊ शकतात. त्यांना लँड-एअर मेक म्हणतात. त्यांची रूपं तीन: दोन पायांवर चालणारा मेक, आकाशात जाणारं लढाऊ विमान आणि या दोहोंमधलं, पाय खाली लोंबते ठेवून पंख पसरलेलं 'एअरमेक'.

या रूपांची किंमत आधीच वसूल केलेली असते. रूप बदलण्याची यंत्रणा मेकच्या वजनाचा दहावा हिस्सा खाते आणि असं यंत्र 55 टनांच्या वर बांधताच येत नाही. साधा स्टिंगर 20 टनांचा असतो, पण उडणारा स्टिंगर 30 टनांचा. जे टन बिजागऱ्या आणि पंखांत गेले ते चिलखताला मिळाले नाहीत. तुमच्या भावाच्या ॲटलसवर 19 टनांचं चिलखत आहे, म्हणजे 304 गुण. तुमचा एक मध्यम लेझर लागला तर 5 गुण उडतात. समोर उभं राहून मारामारी करायची तर हिशेब तिथेच संपतो. रूप बदलणारं यंत्र घेतलं की समोरासमोर उभं राहण्याचा हक्क आपण सोडून दिलेला असतो, हे एकदा मनाशी पक्कं करा.

आता फाशांकडे येऊ. समोरचा नेमबाज साधारण तयारीचा धरला तर त्याचा मूळ आकडा 4. तो चालत होता म्हणून त्यात 1 वाढवा, अंतर मध्यम आहे म्हणून 2 वाढवा. झाले 7. दोन फाशांवर 7 किंवा जास्त पडण्याच्या शक्यता 36 पैकी 21 आहेत. तुम्ही थांबलेले असाल, किंवा एक-दोन घरंच सरकला असाल, तर त्याला एवढंच पुरे. आता तोच नेमबाज, तेच अंतर, पण तुम्ही त्या फेरीत 10 ते 17 घरं कापलेली आहेत असं धरा. आकड्यात आणखी 4 वाढतात, 11 होतात. 36 पैकी 3! एकवीसवरून तीनवर. तुमचं खरं चिलखत हे आहे, आणि ते घरं कापल्यावरच अंगावर चढतं. ज्या फेरीत तुम्ही रेंगाळलात त्या फेरीत ते उतरलेलं असतं.

आणि माणूस रेंगाळतो कधी? रूप बदलताना. त्या वेळी डोक्यात दोन विचार असतात, मागे कुठे जायचं आणि कुठल्या रूपात जायचं. म्हणून माझा तुम्हाला पहिला सल्ला: शत्रूच्या टप्प्यात रूप बदलायचंच नाही. तो टप्पा आधी मोजा. ॲटलसची मोठी तोफ 9 घरांपर्यंत पोचते, त्याचे मध्यम लेझरही 9 घरांपर्यंत. तो धावला तर 5 घरं धावतो. म्हणजे त्याच्याभोवती 14 घरांचं एक वर्तुळ आहे. त्याच्या बाहेर त्याचं एकच हत्यार तुम्हाला शिवू शकतं, ते म्हणजे 21 घरांपर्यंत जाणारी लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं. त्यांच्यासाठी मध्ये एखादी टेकडी ठेवा. टेकडीमागे निवांत एअरमेक व्हा. ज्या यंत्राची उडी 5 घरांची आहे, ते त्या रूपात साध्या चालीने 15 घरं जातं. आत जाताना तेच रूप ठेवा, बाहेर येतानाही तेच ठेवा. वेगात असलेल्याचा स्वतःचा नेमही बिघडतो आणि त्याची किंमत नियमांत आहेच, ती मुकाट्याने द्या. पुन्हा मेक व्हायचं ते दुसऱ्या टेकडीमागे गेल्यावर.

मला हे एका खेळात फार जवळून कळलं. भाच्याबरोबर बसलो होतो. माझं यंत्र पुढे जाऊन आलं होतं, दोन लेझर लागलेही होते, आणि परतीच्या वाटेवर टेकडीची कड दोन घरांवर राहिली होती. मला वाटलं, पोचलोच की. तिथेच पायांवर उतरलो, म्हटलं पुढच्या फेरीला मेक म्हणून नेम चांगला धरता येईल. भाच्याने काही न बोलता ॲटलस तीन घरं पुढे आणला, अंतर मोजलं, आठ. मोठ्या तोफेचा फासा टाकला. तिचा एक फटका 20 गुणांचा. फटका डाव्या पायावर बसला. त्या पायाचं चिलखत आणि आतला सांगाडा मिळूनही वीस सोसण्याजोगं काही नव्हतं. यंत्र आडवं झालं आणि मी पडद्यावरच्या त्या दोन रिकाम्या घरांकडे बघत राहिलो. ती दोन घरं आधी पार केली असती तर तो फासा पडलाच नसता.

दुसरी गोष्ट पुढाकाराची, आणि माझ्या मते हा खेळ इथेच जिंकला जातो. दर फेरीच्या सुरुवातीला दोन्ही बाजू फासे टाकतात. ज्याचा आकडा कमी पडतो त्याला आधी हलावं लागतं, जास्तवाला त्याची चाल बघून मग हलतो. गोळीबार सगळ्यांच्या चाली झाल्यावर, एकदमच होतो. त्यामुळे 'आधी मारतो आणि त्याच फेरीत लपतो' हे इथे जमतच नाही. मारा एका फेरीत, पळ पुढच्या फेरीत. म्हणून हल्ल्याची फेरी निवडून काढा. पुढाकार तुमच्याकडे आला आणि ॲटलस हलून बसला, की त्याच्या पाठीमागे जा. त्याच्या छातीवर मधोमध 47 गुणांचं चिलखत आहे, पाठीवर मधोमध फक्त 14. पाठीकडे त्याचे दोनच मध्यम लेझर बघतात, मोठी तोफ तिकडे वळत नाही. पुढाकार हरला असाल तर मात्र पाठीमागे जाऊ नका. तो फक्त वळेल, आणि तुम्ही थेट तोफेच्या तोंडाशी उभे असाल. अशा फेरीत टेकडीमागे बसून राहणं हीसुद्धा चाल आहे. घाईत असलेल्या खेळाडूला ती चाल वाटत नाही, म्हणून तो मरतो.

बसून राहिल्याचा आणखी एक फायदा म्हणजे उष्णता. तीन मध्यम लेझर मारले की 9 अंश उष्णता चढते, पायांवर धावलात तर आणखी 2. उष्णता बाहेर टाकणाऱ्या साध्या दहा हीट सिंकने 10 उतरते. एक उरते. एका फेरीत काही बिघडत नाही, पण ती साठत 5 वर गेली की चालीतलं एक घर कमी होतं. म्हणजे पळायच्या वेळीच पाय जड. दर माऱ्यामागे एक फेरी थंड व्हायला ठेवा.

'वॉर फॉर सायबरट्रॉन'मध्ये फासे नाहीत, फेऱ्या नाहीत, सगळं डोळ्यांदेखत घडतं. पण दुखणं तेच आहे. 2010 साली हाय मून स्टुडिओजने केलेल्या या खेळात स्काउट गाडी होतो, सोल्जर रणगाडा, सायंटिस्ट विमान आणि लीडर ट्रक. फार जण हे विसरतात की यातल्या गाड्या नुसत्या सरळ धावत नाहीत. नेहमीच्या स्थितीत त्या जमिनीवर किंचित तरंगत असतात, आजूबाजूला सरकू शकतात आणि गाडीच्या रूपातच गोळ्याही झाडतात. बूस्ट दाबला की मगच चाकांवर सुसाट. तुम्ही स्काउट घेत असाल तर बूस्ट माऱ्यात खर्च करू नका, परतीसाठी राखा. आत जाताना कोपऱ्याकोपऱ्याने सरकत जा. रोबोट व्हायचं ते खांबाच्या आड, आणि पुन्हा गाडी व्हायचं तेही त्याच खांबाच्या आड. उघड्या चौकात रूप बदलणाऱ्याला समोरचा नेमबाज आयताच टिपतो, कारण त्या क्षणी तुम्ही काय करणार हे त्याला ठाऊक असतं. आणि एकाच दारातून दोनदा आत जाऊ नका. पहिल्यांदा तुम्ही त्याला चकवलेलं असतं, दुसऱ्यांदा तो बंदूक रोखून बसलेला असतो.

विमानाच्या बाबतीत एक खरा दाखला देतो. क्लेअर शेनॉल्ट हा अमेरिकी अधिकारी चीनमध्ये 'फ्लाइंग टायगर्स' या वैमानिकांच्या तुकडीचा प्रमुख होता. 20 डिसेंबर 1941 रोजी कुनमिंगवर त्यांची पहिली चकमक झाली. त्यांची पी-40 विमानं जड होती, जपानी लढाऊ विमानं हलकी आणि चटकन वळणारी. शेनॉल्टने आपल्या वैमानिकांना बजावलं होतं की त्यांच्याबरोबर गिरक्या घ्यायच्या नाहीत. उंचावरून सूर मारायचा, एकदा गोळ्या झाडायच्या आणि त्याच वेगात खाली निघून जायचं. लागलं की नाही ते बघायला मागे वळायचं नाही. तुमचं आणि माझं दोघांचंही चुकतं ते इथे. आपल्याला बघायचं असतं.

प्रश्न: माझ्या मुलाच्या मेगामेक गेममधलं उडणारं यंत्र आणि लहानपणी काकांनी परदेशातून आणलेलं आमचं 'जेटफायर' हे खेळणं जवळजवळ सारखंच दिसतं. कोणी कोणाची नक्कल केली? (एक आई, ठाणे)

उत्तर: तुमची नजर पक्की आहे. दोन्हींचा बाप एकच, जपानी मालिका 'मॅक्रॉस' मधलं व्हीएफ-1 व्हॅल्किरी हे विमान. मालिका ऑक्टोबर 1982 मध्ये जपानी टीव्हीवर सुरू झाली आणि यंत्राची रचना शोजी कावामोरी या तरुण रचनाकाराची. विमान, मेक आणि मधलं पाय लोंबतं रूप ही तीन रूपं त्याच्याच कल्पनेतली. तुमच्या घरचं जेटफायर म्हणजे ताकातोकु या जपानी कंपनीने त्या विमानाचं जे खेळणं काढलं होतं, त्याच साच्यातून आलेलं. हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने ते 1985 साली ट्रान्सफॉर्मर्सच्या नावाने विकलं. कार्टूनमध्ये मात्र त्याच पात्राचं नाव स्कायफायर ठेवलं आणि चेहरामोहराही वेगळा काढला. ट्रान्सफॉर्मर्सचा नायक ऑप्टिमस प्राइम याच्या मूळ खेळण्याच्या रचनेतही कावामोरीचा हात होता, तेव्हा ही सगळी एकाच कुळातली मंडळी आहेत.

बॅटलटेकवाल्यांनीही सुरुवातीला तीच चित्रं वापरली होती. स्टिंगर, वास्प, फीनिक्स हॉक हे तिन्ही मेक दिसायला व्हॅल्किरीच, आणि व्हॅल्किरी उडते म्हणून यांच्याही उडणाऱ्या आवृत्त्या आल्या. पुढे अमेरिकेत मॅक्रॉसचे हक्क सांगणाऱ्या हार्मनी गोल्डशी त्यांचा कोर्टात झगडा झाला, 1996 मध्ये तो मिटला आणि बॅटलटेकच्या पुस्तकांतून ती चित्रं गेली. यंत्रांची नावं आणि आकडे राहिले, चेहरे काढून टाकले. चाहते त्यांना 'अनसीन', म्हणजे न दिसणारे, म्हणतात. मला त्या शब्दाचं नेहमी वाईट वाटतं. वर्षानुवर्षं ज्या यंत्राने आपण खेळलो त्याचं चित्रच पुस्तकात नसणं ही लहान मुलाला न समजावता येणारी गोष्ट होती. तुमच्याकडचं जेटफायर अजून असेल तर मुलाच्या हातात जरूर द्या. पंख, पाय आणि बिजागऱ्या कशा बसवल्या आहेत ते स्क्रीनवर कधीच इतकं कळत नाही.

प्रश्न: माझा नातू मेगामेकमधल्या 'मारा आणि पळा'ला 'गनिमी कावा' म्हणतो. हा शब्द असा कुठेही वापरलेला मला खपत नाही. तुमचं मत? (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर: सर, तुमचा राग मला समजतो. पण नातवाच्या बाजूने एक मुद्दा मांडू द्या. 'कावा' या शब्दाचा एक जुना अर्थ घोडा गोल फिरवणं, त्याला रिंगणात वळवणं असा आहे. डावपेच हा अर्थ त्याला लागूनच आहे. म्हणजे शब्दाच्या पोटातच वळणं आहे, आणि नातवाच्या खेळात जे यंत्र जिंकतं ते वळण्याच्या जागेवरच जिंकतं. या अर्थाने त्याने शब्द चुकीचा वापरलेला नाही.

तो चुकतो ते दुसरीकडे. नुसतं ओरखडा काढून पळून जाणं म्हणजे गनिमी कावा, असा मुलांचा समज असतो. मराठ्यांच्या हलक्या घोडदळाचा जोर पळण्यात जेवढा होता, तेवढाच शत्रूला आपल्या मागे पळायला लावण्यात होता. 1728 सालची पालखेडची मोहीम तुम्ही वर्गात शिकवली असेल. पहिल्या बाजीरावाने निजामाला इतकं फिरवलं की पाठलागासाठी त्याला अवजड तोफखाना मागे ठेवावा लागला, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस पालखेडजवळ तो वेढला गेला तेव्हा त्याच्या सैन्याला पाणी मिळेना. निजाम वाकला तो तहानेने आणि कोंडीने. मोठी लढाई द्यायची वेळच आली नाही.

हेच नातवाला पटावर दाखवा. उडणाऱ्या स्टिंगरने ॲटलसचे 304 गुण पाच-पाच करून उडवायला बसलं तर एकही लेझर न चुकता साठाहून जास्त फटके लागतील. तेवढ्या फेऱ्या त्याला कोणी जगू देणार नाही. पण पाठीवर दोन लेझर लागले की ॲटलसवाला चिडतो, वळतो आणि तुमच्या मागे यायला लागतो. चालला तर फेरीला तीन घरं, धावला तर पाच. सहा फेऱ्यांत तो आपल्या सोबत्यांपासून पंधरा-वीस घरं दूर आलेला असतो आणि तिकडे त्याच्या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या आधाराने उभे असलेले त्याचे हलके मेक उघडे पडतात. त्यांच्यावर तुमच्या बाजूचे बाकीचे तुटून पडतात. स्टिंगरने त्या वेळात ॲटलसचं म्हणावं असं काहीच बिघडवलेलं नसतं.

नातवाला एक प्रयोग करायला सांगा. एक खेळ असा खेळायचा की उडणाऱ्या यंत्राने ॲटलसवर फक्त तीनदा मारा करायचा, जास्त नाही, आणि खेळ संपल्यावर ॲटलस सुरुवातीच्या जागेपासून किती घरं हलला ते मोजायचं. सहाव्या फेरीपर्यंत त्याने तिन्ही मारे संपवले असतील आणि ॲटलस अजून जागेवरच असेल, तर त्याला विचारा की प्रत्येक माऱ्यानंतर तो नजरेआड गेला होता का. बहुतेक गेला असेल. ॲटलसला मागे आणायचं तर त्याला दिसत राहायला हवं, चौदा घरांच्या जरा पलीकडे, टेकडीच्या कडेला, पंख पसरून.